एक्सप्लेनर: बालेकिल्ला लाल, फरक मात्र ७६८ मतांचा! सांगोला नेमकं मत देतो तरी कसं?

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभा निकालाचा दिवस. डिजिटल डेस्कवर अशा दिवशी एकच काम असतं, नकाशा रंगवत राहायचं. महायुतीचा एक रंग, महाविकास आघाडीचा दुसरा आणि बाकी सगळ्यांना मिळून ‘इतर’ म्हणून राखाडी. दुपारपर्यंत २८८ पैकी २३० हून अधिक जागा एकाच रंगात गेल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यात खालच्या बाजूला एक ठिपका मात्र राखाडीच राहिला. सांगोला. जिंकलेला पक्ष : भारतीय शेतकरी कामगार पक्ष. आमच्या टेम्प्लेटमध्ये लाल रंग ठेवलेलाच नव्हता.

शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने विचारलं, “हा पक्ष अजून आहे?”

आहे. राज्यभरात शेकापचा या वेळी एकच आमदार निवडून आला आणि तो सांगोल्यातून. पक्षाचा दुसरा गड मानला जाणारा रायगड जिल्हा कोरा गेला. मग साहजिक प्रश्न पडतो. लाडकी बहीण योजनेची चर्चा घराघरात होती, महायुतीची लाट होती, समोर विद्यमान आमदार होता. तरी या छोट्या गावाने वेगळं बटण का दाबलं? ‘तो आबांचा बालेकिल्ला आहे’ हे तयार उत्तर सगळ्यांकडे असतं. मीही आधी तेच लिहिणार होतो. पण जुने आकडे एका शीटमध्ये टाकले आणि बालेकिल्ला हा शब्द जरा अडचणीचा वाटायला लागला.

आधी सांगोला म्हणजे नेमकं काय?

सांगोला शहर लहान आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ३४ हजार. नगरपरिषद, बाजार समिती, रेल्वे स्टेशन, रत्नागिरी–नागपूर महामार्ग, आणि चारी बाजूंनी माळरान. तालुक्याची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास होती. म्हणजे दहा माणसांमागे जेमतेम एक जण शहरात राहतो, बाकीचे गावांत आणि वाड्यावस्त्यांवर. विधानसभा मतदारसंघात पूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ येतं. त्यामुळे ‘सांगोल्याचा कौल’ म्हणतो तेव्हा तो बाजारपेठेचा कमी आणि वस्त्यांचा जास्त असतो.

(निवडणूक आयोगाच्या साइटवर शोधायचं असेल तर ‘सांगोला’ टाकू नका, ‘सांगोले’ टाका. मतदारसंघ क्रमांक २५३. यात माझी वीस मिनिटं गेली.)

हा अवर्षणप्रवण पट्टा. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षाचा बराच काळ कोरडी असते. या कोरड्या जमिनीनेच डाळिंब मोठं केलं. अजनाळ्यासारख्या गावात डाळिंबाच्या पैशावर बंगले उभे राहिले. २८ डिसेंबर २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशातल्या शंभराव्या किसान रेल्वेला हिरवा झेंडा दाखवला, ती गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. पुढे तेल्या आणि मर रोगाने अनेकांच्या बागा काढायला लावल्या. हे सगळं मतांशी जोडलेलं आहे, त्याकडे पुढे येऊच.

‘आबा’ किती वेळा जिंकले? आणि तो विक्रम खरा का?

सांगोल्यात नुसतं ‘आबासाहेब’ म्हटलं की गणपतराव देशमुख. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. १९६२ मध्ये ते पहिल्यांदा सांगोल्यातून आमदार झाले. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकूण ११ विजय. मतदारसंघ एक, पक्ष एक. दोनदा मंत्री झाले, १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात. बाकी जवळपास सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर. एसटीने फिरणारा आमदार ही त्यांची ओळख राज्यभर होती. २०१९ ला नव्वदी ओलांडल्यावर ते स्वतःहून थांबले. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्रात त्यांच्याइतक्या वेळा आमदार झालेलं दुसरं कोणी नाही. मात्र दर निवडणुकीला व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘देशातला विक्रम’ हा मेसेज बरोबर नाही. तमिळनाडूत एम. करुणानिधी १३ वेळा निवडून आले आणि केरळात के. एम. मणी यांनी पाला हा एकच मतदारसंघ १३ वेळा जिंकला. आबांचं मोठेपण कमी करायला हे लिहीत नाही, मेसेज पुढे पाठवण्याआधी दुरुस्त करता यावा म्हणून लिहितो.

आता वरची यादी पुन्हा एकदा वाचा. १९६७ नंतर थेट १९७४. १९९० नंतर थेट १९९९. मधल्या दोन सार्वत्रिक निवडणुका, १९७२ आणि १९९५, आबा हरले होते. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. १९९५ ला काँग्रेसचेच शहाजीबापू पाटील. ११ विजयांच्या गोष्टीत हे दोन पराभव सहसा सांगितले जात नाहीत. मला मात्र सांगोला समजून घ्यायला विजयांपेक्षा हे पराभव जास्त उपयोगी पडले.

९६० मतांत दोन आमदारक्या!

१९९५ चा फरक किती होता? १९२ मतं. आजच्या हिशेबाने एका मध्यम हाउसिंग सोसायटीची मतदार यादी.

त्यानंतर बहुतेक निवडणुकांत बापू विरुद्ध आबा हाच सामना राहिला आणि आबा जिंकत राहिले. बापूंचा पक्ष बदलला. २०१४ ला ते शिवसेनेकडून उभे होते. त्या वर्षी राज्यात भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी चौघेही स्वतंत्र लढले होते. सांगोल्यात आबांना ९४,३७४ मतं मिळाली, बापूंना ६९,१५०. फरक २५,२२४.

२०१९ ला आबा मैदानात नव्हते. शेकापने आधी देशमुख कुटुंबाबाहेरचा उमेदवार जाहीर केला होता. कार्यकर्ते अडून बसले आणि शेवटी आबांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी मिळाली. बापूंना ९९,४६४ मतं पडली, अनिकेत यांना ९८,६९६. फरक ७६८.

१९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८ मिळवा. ९६० होतात. शहाजीबापू दोनदा आमदार झाले आणि दोन्ही विजयांची आघाडी एकत्र केली तरी ती हजारापर्यंत पोहोचत नाही. पण याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. आबांच्या सांगोल्यात आबांच्या पक्षाला मत न देणारे लोक कायम होते आणि ते थोडेथोडके नव्हते. २०१९ ला तर जवळपास निम्मे होते. एका बाजूला लाल बावटा आणि दुसऱ्या बाजूला लाल बावट्याला कंटाळलेला, तितकाच जुना आणि तितकाच चिवट गट, असा हा तालुका आहे. बाहेरून बघणाऱ्याला फक्त जिंकणारा दिसतो.

मग २०२४ ला काय झालं? मतं फुटली म्हणून शेकाप जिंकला?

या वेळी लढत तिरंगी होती. शिंदेंच्या शिवसेनेकडून शहाजीबापू, धनुष्यबाण. ठाकरेंच्या शिवसेनेकडून दीपकआबा साळुंखे-पाटील, मशाल. आणि शेकापकडून आबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. शेकाप महाविकास आघाडीतलाच, पण ठाकरेंच्या पक्षाने इथला उमेदवार मागे घेतला नाही. थोडक्यात, आघाडीतच लढत झाली.

निकाल असा लागला. बाबासाहेब १,१६,२५६. शहाजीबापू ९०,८७०. दीपकआबा ५०,९६२. फरक २५,३८६, म्हणजे २०१४ च्या फरकापेक्षा फक्त १६२ ने जास्त. योगायोग आहे, त्यात काही शोधू नका.

निकालानंतर लगेच सुरू झालेला युक्तिवाद ओळखीचा आहे : दोन शिवसेना भांडल्या आणि तिसऱ्याचा लाभ झाला. वरवर तो पटतोही. दीपकआबा २०१९ ला राष्ट्रवादीत असूनही बापूंच्या बाजूने उभे राहिले होते, आणि त्या वेळचा विजय ७६८ मतांचा होता. म्हणजे दीपकआबांशिवाय बापू तेव्हाही आले नसते, असं म्हणायला जागा आहे. २०२४ ला दोघांची मतं मिळवली तर १,४१,८३२ होतात, बाबासाहेबांपेक्षा २५ हजारांनी जास्त. झालं गणित!

पण गणित इथे संपत नाही. दीपकआबा उभे नसते तर त्यांची सगळी मतं बापूंकडे गेली असती, असं धरायला काही आधार आहे का? ते मशालीवर, म्हणजे बापूंनी गुवाहाटी गाठून ज्यांची साथ सोडली त्या ठाकरेंच्या पक्षातून लढत होते. त्यांच्या मतदारांत बापूंवर नाराज असलेले लोकही असणार. म्हणून प्रश्न उलटा विचारून पाहू. बरोबरी व्हायला दीपकआबांच्या ५०,९६२ मतांपैकी किती मतं बापूंना लागली असती?

समजा ‘क्ष’ मतं बापूंकडे जातात आणि उरलेली बाबासाहेबांकडे. फरक २५,३८६ चा आहे, तेव्हा क्ष येतो ३८,१७४. म्हणजे दर चार मतदारांपैकी तिघांनी बापूंकडे जायला हवं होतं. काही जण घरीच बसले असते तर प्रमाण थोडं बदलेल, पण गोष्ट तीच राहते. चारपैकी तीन हे अशक्य नाही, पण गृहीत धरावं इतकं सोपंही नाही.

आणखी एक आकडा. २०१९ च्या तुलनेत शेकापची मतं १७,५६० ने वाढली आणि बापूंची ८,५९४ ने घटली. समोरची मतं फक्त फुटली असती तर शेकाप जागच्या जागी राहून जिंकला असता. इथे तो वाढलाय. ‘मतं फुटली म्हणून जिंकले’ हे त्यामुळे अर्धंच खरं आहे. फुटीने फरक मोठा दिसला, हे मात्र मान्य.

(चार-पाच निवडणुकांच्या आकड्यांवरून नियम काढायचा नसतो, हे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकवलेलं मला आठवतं. म्हणून ‘पॅटर्न’ हा शब्द मी जपून वापरतोय.)

आणि ‘काय झाडी, काय डोंगार’चं काय झालं?

जून २०२२. शिवसेना फुटली, आमदार गुवाहाटीला गेले आणि शहाजीबापूंचा एका कार्यकर्त्याशी झालेला फोन व्हायरल झाला. “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील... एकदम ओक्के.” दोन दिवसांत टी-शर्ट निघाले, गाणी झाली, रील झाले. सांगोल्याचं नाव राज्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचलं, ते डाळिंबाने पोहोचलं नव्हतं तितकं.

त्या प्रसिद्धीचं मतांत काय झालं ते वर आलंच आहे, ९९,४६४ वरून ९०,८७०. रील बघणारे सांगोल्याबाहेरही होते, मतदार मात्र सांगोल्यातलेच. अर्थात बापू सत्तेत गेल्यामुळे तालुक्यात निधी आला, हा त्यांच्या समर्थकांचा दावा साफ खोटा नाही. ९० हजार मतं रीलवर मिळत नाहीत. तीन दशकं गावोगाव बांधलेले लोक आहेत ते.

जातीचं गणित किती खरं?

सांगोल्यावर कुणाशीही बोला, पाच मिनिटांत विषय इथे येतो. तालुक्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे, मराठा समाजही. गणपतराव देशमुख धनगर समाजातले होते. त्यामुळे ‘सगळं जातीवरच चालतं’ हे उत्तर लगेच मिळतं.

इथे दोन अडचणी आहेत. एक म्हणजे कुणाच्याही तोंडी असलेले टक्के कुठून आले ते कुणालाच सांगता येत नाही. सर्व जातींची मोजणी करून आकडे प्रसिद्ध करणारी शेवटची जनगणना १९३१ ची. नंतर अनुसूचित जाती-जमाती सोडून गावनिहाय अधिकृत आकडा नाही. टीव्हीवर दिसणारा ‘अमुक समाज ३५ टक्के’ हा अंदाज असतो आणि अंदाज लावणाऱ्याचं स्वतःचं राजकारण असतं.

दुसरी अडचण निकालांतच आहे. समाजाचं प्रमाण पाच वर्षांत बदलत नाही, पण निकाल बदलतात. २०१४ ला २५ हजारांनी पुढे असलेला पक्ष २०१९ ला त्याच आडनावाचा उमेदवार देऊन ७६८ ने मागे पडला. जातीने पाया ठरत असेल, कोण किती गर्दीने बाहेर पडणार हेही ठरत असेल, पण पुढच्या हजार-दोन हजार मतांचा खेळ ती एकटी ठरवत नाही. आबांना सगळ्याच समाजांतून मतं मिळत, हे त्यांचे विरोधकही मान्य करायचे. तो भाग नातवांकडे आपोआप वारशाने येत नाही. २०१९ ला आला नाही.

पाणी : इथला खरा पक्ष

सांगोल्यात कुणी कुठल्याही झेंड्याखाली असो, सभेत विषय एकच असतो. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट सांगोल्यात येतं. शेपटाकडचा शेतकरी म्हणजे काय, हे कालव्यावर शेती करणाऱ्याला समजावून सांगायला नको. वरच्यांची तहान भागली की उरेल ते. टेंभू योजनेत कराडजवळ कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी पट्ट्यात आणायचं, म्हैसाळ योजनेत ते मिरज तालुक्यातून उचलायचं. दोन्हींच्या लाभक्षेत्रात सांगोल्याचा भाग येतो. शिवाय उजनीच्या पाण्यावरची सांगोला उपसा सिंचन योजना, जिला बाळासाहेब ठाकरेंचं नाव दिलंय.

१९९३ ला आटपाडीत पाणी परिषद सुरू झाली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही त्यामागची नावं. सांगली, सातारा आणि सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांनी एकत्र येऊन कृष्णेच्या पाण्यावर हक्क सांगितला. सांगोल्यातल्या पन्नाशीच्या वरच्या माणसाला हे मोर्चे आठवतात. आबांना मिळणारं मत विचारधारेला होतं की व्यक्तीला, असा प्रश्न पुण्या-मुंबईत विचारला जातो. सांगोल्यात त्याचा अर्थ नीट लागत नाही, कारण इथे विचारधारा कालव्याच्या रूपाने दिसत होती. आणि पिण्याच्या पाण्याच्या रूपाने. शिरभावीची प्रादेशिक योजना ऐंशीच्या वर गावांना पाणी देते.

सहकारी सूतगिरणीचंही तसंच. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात आबांनी सूतगिरणी उभी केली. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या बुडाल्या, ही चालली. एका गिरणीमागे कामगारांची कुटुंबं, त्यांचे नातेवाईक, त्यांचा विश्वास. निवडणुकीच्या भाषेत याला ‘केडर’ म्हणतात, गावात याला रोजगार म्हणतात.

आता पेच इथेच आहे. योजना मंजूर करायला आणि पूर्ण करायला सरकार लागतं. आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतो. त्यात रस्त्याचे तुकडे, सभामंडप, शाळेच्या खोल्या होतात. उपसा सिंचनाचे पंप आणि वितरिका होत नाहीत. ‘सत्तेतला आमदार असेल तर पाणी येईल’ हा बापूंचा मुद्दा होता आणि तो हलका नाही. उलट बाजूचा मुद्दा असा की, आयुष्यभर विरोधी बाकांवर बसूनही आबांनी पाणी खेचून आणलंच होतं. २०२४ ला १ लाख १६ हजार मतदारांनी दुसऱ्या मुद्द्यावर पैसे लावलेत. खरोखरच लावलेत, कारण हरले तर पंप त्यांचेच थांबणार आहेत.

लोकसभेला हेच लोक वेगळं मत का देतात?

सांगोला माढा लोकसभा मतदारसंघात येतो. माढ्यातून २००९ ला शरद पवार, २०१४ ला राष्ट्रवादीचे विजयसिंह मोहिते-पाटील, २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि २०२४ ला शरद पवार गटाचे धैर्यशील मोहिते-पाटील. या यादीत शेकाप कुठेच नाही. विधानसभेला लाल बावटा घेऊन उभा असलेला माणूस लोकसभेला कुणाच्या तरी आघाडीत असतो, त्यामुळे तिथे त्याचं मत ‘उधार’ असतं. नगरपरिषदेला तर चित्र आणखी वेगळं, तिथे पक्षापेक्षा गल्ली आणि पॅनेल. विधानसभेच्या निकालावरून नगरपरिषदेचं भाकीत करू नका, तोंडावर पडाल.

तुमच्या गावाने कुणाला मत दिलं, हे कळतं का?

कळतं. आणि तेच थोडं काळजीचं आहे.

निकालानंतर प्रत्येक मतदारसंघाचा ‘फॉर्म २०’ तयार होतो. त्यात केंद्रनिहाय, म्हणजे बूथनिहाय, कुणाला किती मतं पडली ते असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर त्याची पीडीएफ मिळते. बऱ्याचदा ती स्कॅन केलेली असते, त्यामुळे सर्च चालत नाही, आकडे हाताने उतरवावे लागतात. पण चिकाटी असेल तर आपल्या गावाचा प्रत्येक निवडणुकीतला कल कुणालाही काढता येतो.

एका बूथवर साधारण हजार-दीड हजार मतदार. छोट्या गावात एकच बूथ. मग तुमचं एकट्याचं मत गुप्त राहतं, पण गावाचं राहत नाही. ‘तुमच्या गावाने आम्हाला लीड दिली नाही’ हे वाक्य ग्रामीण भागात ज्याने ऐकलं नाही असा सरपंच शोधून सापडणार नाही.

सांगोल्याला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यात याच आकड्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये देशभर गाजलेली गोष्ट घडवली. मारकडवाडीत भाजपचे राम सातपुते यांना १,००३ मतं आणि शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर यांना ८४३ मतं दिसली. जानकर मतदारसंघात जिंकले होते, तरीही गावातल्या त्यांच्या समर्थकांना गावाचा आकडा पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, मतदान झालं नाही, गुन्हे दाखल झाले. मतदान यंत्रांवरचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घ्या : ही सगळी घटना शक्य झाली ती गावाचा आकडा वेगळा दिसतो म्हणून.

मतपत्रिकेच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्र आलं आणि ते मिसळणं थांबलं. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. २०१५ ला विधी आयोगानेही त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. कुठल्या भागात आपण कमी पडलो हे पक्षांना कळायला हवं, असा युक्तिवाद झाला. सांगोल्यासारख्या ठिकाणी, जिथे फरक ७६८ वर येऊ शकतो, तिथे कुठली वस्ती ‘कमी पडली’ हे शोधणं अजिबात अवघड नाही. पाण्याची पाळी कुणाच्या हातात आहे, हे त्यानंतर जास्त महत्त्वाचं ठरतं.

पुढे काय बघायचं?

तीन गोष्टींवर माझं लक्ष राहील. पहिली, दीपकआबांची ५१ हजार मतं. गेल्या दोन निवडणुकांत ती कुठे जातात यावर बरंच काही अवलंबून राहिलं, आणि या मतदारांचा कुठल्याही एका चिन्हाशी पक्का करार दिसत नाही. दुसरी, दोन नातू. २०१९ ला एक लढले, २०२४ ला दुसरे, आणि दोन्ही वेळा उमेदवारी शेवटपर्यंत ताणली गेली. आबांच्या हयातीत उमेदवार कोण, हा प्रश्नच नव्हता.

तिसरी गोष्ट मतदार यादीतली. २०१९ ला अठरा वर्षांचा झालेला सांगोल्यातला मुलगा किंवा मुलगी २०२९ ला २८ वर्षांची असेल, म्हणजे साधारण आज माझं जे वय आहे ते. पाणी परिषदेचे मोर्चे त्यांच्या जन्माआधीचे. गणपतराव देशमुख हे नाव त्यांनी शाळेत ऐकलं, चौकातल्या फ्लेक्सवर पाहिलं, घरात रोज ऐकलं. मतदान यंत्रावर मात्र एकदाही पाहिलेलं नाही.